घरच्या सेप्टिक टँकचे पाणी जिरवण्यासाठी शोषचर किती मोठा हवा: मोजमापाची पूर्ण पद्धत

गावचे घर नव्याने बांधल्यानंतरच्या दुसऱ्याच गणपतीत, गौरीजेवणाच्या दिवशी दुपारी, आमच्या शौचालयातले पाणी खाली उतरेनासे झाले. घरात त्या दिवशी वीस माणसे होती. प्लंबरने पाइपात पट्टी घालून पाहिली, तर पाइप स्वच्छ होता. मागील दारी जाऊन पाहिले तेव्हा शोषखड्ड्याच्या झाकणाच्या कडेने काळपट पाणी पाझरत होते आणि उताराने सावकाश तुळशीकडे सरकत होते. खड्डा तीन फूट व्यासाचा आणि पाच फूट खोल होता. एवढाच का, असे विचारल्यावर ठेकेदाराने सांगितले की तो सगळ्यांकडे एवढाच करतो, आणि बांधकाम चालू असताना हा प्रश्न आम्हीही त्याला विचारला नव्हता.

पुढच्या वर्षी आम्ही ते काम मोजमाप करून पुन्हा केले. आमचे घर सिंधुदुर्ग जिल्ह्यात, कुडाळ तालुक्यात आहे. बारमाही राहणारी माणसे सहा असतात आणि गणपतीत ती वीस होतात. खाली दिलेली पद्धत भारतीय मानक ब्युरोच्या आयएस २४७०, भाग २ (१९८५) या मानकावर आधारलेली आहे. ती कोकणाबाहेरही चालते, मात्र आकडे प्रत्येकाच्या जमिनीप्रमाणे बदलतील. आमचे आकडे उदाहरणापुरते घ्यावेत, ते जसेच्या तसे उचलू नयेत.

एक गोष्ट आधी स्पष्ट असावी. सेप्टिक टँक पाणी शुद्ध करत नाही. टाकीत जड मैला तळाशी बसतो, तेलकट साय वर तरंगते आणि मधले गढूळ पाणी बाहेर पडते. त्या पाण्यात रोगजंतू भरपूर असतात. ते गाळण्याचे आणि मारण्याचे काम टाकीपुढची माती करते, त्यामुळे शोषखड्डा किंवा शोषचर म्हणजे नुसती पाणी घालवण्याची सोय नसून सगळ्या व्यवस्थेचा तो निम्मा भाग आहे. छिद्रांचा पाइप घालून खडीने भरलेल्या लांबट, उथळ चराला पुढे शोषचर म्हटले आहे.

१. पाण्याचा हिशेब मांडा

प्रथम ठरवावे लागते की टाकीत कोणते पाणी जाणार. आयएस ११७२ या मानकात घरगुती वापरासाठी माणशी दिवसाला १३५ लिटर पाणी धरले आहे आणि त्यांपैकी ४५ लिटर शौचालयाच्या फ्लशसाठी आहे. याचा अर्थ, फक्त शौचालयाचे पाणी टाकीत घेतले तर माणशी ४५ लिटर जिरवावे लागते, आणि न्हाणीघर, मोरी, कपडे असे सगळेच घेतले तर त्याच्या तिप्पट.

आम्ही न्हाणीघराचे पाणी टाकीत घेतले नाही, ते पूर्वीप्रमाणे माडांच्या आळ्यांत जाते. मोरीचे पाणी तेलकट असल्यामुळे ते आधी एका लहान चेंबरमध्ये थांबवून, वरची साय काढता येईल अशी सोय करून केळींना सोडले आहे. ज्यांच्याकडे परसात जागा आणि झाडे आहेत त्यांनी हाच मार्ग घ्यावा असे माझे स्पष्ट मत आहे, कारण शोषचराचा आकार कमी करण्याचा याहून स्वस्त उपाय नाही. ज्यांना सगळे पाणी एकत्रच न्यावे लागते त्यांनी पुढच्या आकडेमोडीत ४५ च्या जागी १३५ घ्यावेत.

माणसे किती धरायची हा दुसरा प्रश्न, आणि कोकणात त्याचे उत्तर सरळ नाही. बारमाही सहा माणसांचे २७० लिटर होतात, गणपतीतल्या वीस माणसांचे ९००. गणपती पाच-सात दिवसांचा असला तरी तो भाद्रपदात येतो. त्या वेळी विहिरी काठोकाठ आलेल्या असतात आणि जमीन पाण्याने भरलेली असते. वर्षातली सर्वांत जास्त माणसे आणि वर्षातली सर्वांत ओली जमीन एकाच आठवड्यात गाठ घेतात. म्हणून हिशेब ९०० लिटरांचा केला. लग्नकार्यासारख्या एका दिवसाच्या गर्दीसाठी मात्र असा हिशेब करण्याची गरज नाही, तेवढे पाणी टाकी आणि खडीतील पोकळ्या सामावून घेतात.

२. जागा शोधा आणि टेप लावून पाहा

मानकाप्रमाणे शोषखड्डा किंवा शोषचर पिण्याच्या पाण्याच्या विहिरीपासून किमान १८ मीटर आणि राहत्या घरापासून किमान ६ मीटर दूर हवा. घरापासूनचे अंतर पायाजवळची माती भिजून खचू नये यासाठी असते आणि विहिरीपासूनचे कशासाठी, हे सांगण्याची आवश्यकता नाही. आमचा जुना खड्डा विहिरीपासून अवघ्या ११ मीटरवर होता, हे आम्हाला टेप लावल्यावरच कळले. त्यानंतर विहिरीचे पाणी तपासून घेतले तेव्हा ते पिण्यास अयोग्य ठरले.

अंतर मोजताना फक्त स्वतःची विहीर पाहू नये. गडग्यापलीकडची शेजाऱ्यांची विहीर, बोअरवेल, नळपाणी योजनेची विहीर ही सगळी धरावीत. शेजारी पुढे विहीर खणणार असतील तर कुठे, हेही विचारून ठेवावे. शक्य असेल तेथे शोषचर विहिरीपेक्षा उताराच्या खालच्या अंगाला घ्यावा. दोन गुंठ्यांच्या प्लॉटवर ही अंतरे बहुधा बसतच नाहीत. अशा वेळी ठेकेदार "सगळ्यांचे असेच असते" म्हणून धीर देतो, पण त्या ठिकाणी जमिनीत पाणी जिरवण्याचा विचार सोडून शेजाऱ्यांशी मिळून दुसरी व्यवस्था शोधावी हेच योग्य.

पाणी वाहते त्या वाटाही पाहून घ्याव्यात. आमच्या जुन्या खड्ड्यावर छपराच्या मागच्या बाजूच्या सगळ्या पागोळ्या पडत होत्या. वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडणाऱ्या भागात ही चूक एकटीच खड्डा निकामी करण्यास पुरेशी आहे. गाडी वळवण्याची जागा, गोठ्याची वाट आणि मोठ्या झाडांची मुळे यांपासूनही जागा मोकळी हवी. वड, पिंपळ, आंबा यांची मुळे खडीतले पाणी शोधत येतात आणि पाइप भरून टाकतात. शोषचरावर गवत चांगले.

३. पावसाळ्यात विहिरीत डोकावून पाहा

उन्हाळ्यात जमीन कितीही कोरडी दिसली तरी तिच्यावरून काही ठरवू नये. जुलैअखेर ते सप्टेंबर या काळात जवळच्या विहिरीतले पाणी जमिनीपासून किती खाली आहे ते दोरीला दगड बांधून मोजावे आणि तारखेसह लिहून ठेवावे. विहिरीच्या कठड्याची उंची त्यातून वजा करण्यास विसरू नये. आम्ही पहिल्या खेपेस विसरलो होतो.

मानकानुसार भूजल जमिनीखाली १८० सेंटिमीटरच्या आत येत असेल तर जमिनीत खोल चर घेऊ नये. अशा ठिकाणी बाहेरून चांगली माती आणून उंचवटा करावा लागतो आणि त्यात, अंशतः किंवा पूर्णपणे जमिनीच्या वर, शोषचर बसवावा लागतो. कारण सरळ आहे. पाण्याने आधीच भरलेल्या मातीत हवा नसते, आणि हवेशिवाय मातीतले जिवाणू टाकीच्या पाण्याचे विघटन नीट करू शकत नाहीत. मग मैल्याचे पाणी न गाळताच विहिरीकडे चालू लागते. ऑगस्टमध्ये ज्यांच्या विहिरीत वाकून कळशी बुडवता येते त्यांनी खोल खड्ड्याचा विचारही करू नये.

आमच्याकडे ऑगस्टमधील पातळी २.६ मीटर निघाली. या एका आकड्याने पुढचे बरेच प्रश्न सोडवले. आसपास विहीर नसेल तर भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेच्या जिल्हा कार्यालयात तुमच्या गावाजवळच्या निरीक्षण विहिरींच्या नोंदींची चौकशी करता येते.

४. पाझर चाचणी करा

जमीन पाणी किती वेगाने पिते, हे या चाचणीतून कळते. तिला यंत्र लागत नाही, एक रात्र आणि एक सकाळ लागते. पाऊस उघडल्यानंतर, माती अजून ओलसर असताना, म्हणजे साधारण ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये ती करावी. भर पावसात खड्ड्यात वरून पाणी पडत राहते, आणि मे महिन्यात तापलेल्या, भेगाळलेल्या जमिनीचा आकडा फसवा येतो.

लागणारे साहित्य: पहार, कुदळ, खोरे, जुना कोयता किंवा सुरी, दोन बादल्या, बारीक खडी, मिलिमीटरच्या खुणा असलेली पट्टी, एक सरळ लाकडी फळी, घड्याळ, वही. पाण्याची सोय जवळ हवी, कारण रात्रभर खड्डे भरते ठेवावे लागतात.

शोषचर जेथे येणार त्या पट्ट्यात किमान तीन ठिकाणी, एकमेकांपासून काही अंतरावर, १० ते ३० सेंटिमीटर रुंदीचे खड्डे घ्यावेत. खोली तंतोतंत तेवढीच हवी जेवढ्या खोलीवर शोषचराचा तळ येणार आहे. आमच्या बाबतीत ती ६० सेंटिमीटर होती. वरच्या मऊ मातीत चाचणी घेऊन खालच्या मातीत चर खणणे ही नेहमीची चूक आहे. खणताना पहारीने बाजू गुळगुळीत होतात आणि त्यांची छिद्रे बुजतात, म्हणून कोयत्याने बाजू आणि तळ खरवडून घ्यावा, सुटी माती काढावी आणि तळाशी ५ सेंटिमीटर बारीक खडी पसरावी.

नंतर खडीच्या वर किमान ३० सेंटिमीटर येईल इतके पाणी भरावे आणि रात्रभर माती मुरू द्यावी, लागेल तसे भरत राहावे. ही रात्र टाळण्याचा मोह सगळ्यांना होतो. कोरडी माती पहिले पाणी अधाशासारखे पिते आणि ओली झाल्यावर तिचा वेग उतरतो, आणि वापरात तर ती कायमच ओली राहणार असते. चिकण मातीला फुगण्यासही वेळ लागतो.

सकाळी खड्ड्यात पाणी शिल्लक असेल तर ते खडीच्या वर १५ सेंटिमीटर राहील इतके करावे, आणि फळी खड्ड्यावर आडवी ठेवून तिच्यापासून पाण्यापर्यंतचे अंतर पट्टीने मोजावे. ३० मिनिटांत पाणी किती उतरले ते लिहावे. रात्रीतून पाणी संपले असेल तर १५ सेंटिमीटरपर्यंत पुन्हा भरून दर ३० मिनिटांनी उतार मोजायचा, गरजेप्रमाणे भरत जायचे आणि असे चार तास करायचे. हिशेबात शेवटच्या ३० मिनिटांचा उतार घ्यायचा. वाळूसारख्या जमिनीत १५ सेंटिमीटर पाणी अर्ध्या तासाच्या आतच जात असेल तर दर १० मिनिटांनी मोजून तासभर चाचणी करावी आणि शेवटची १० मिनिटे धरावीत.

आम्ही चार खड्डे घेतले होते. सकाळी एकात बेडूक बसलेला होता, त्याला काढून सुरुवात केली. तीन खड्ड्यांत शेवटच्या अर्ध्या तासाचा उतार अनुक्रमे ४०, ३६ आणि ३० मिलिमीटर आला. चौथा, विहिरीच्या बाजूचा खड्डा पाहून मात्र ठेकेदाराचा माणूस खूश झाला, कारण भरलेले पाणी दहा मिनिटांत गडप होत होते. हात घालून पाहिले तेव्हा तळाशी जांभ्यात अंगठा जाईल एवढे भोक लागले. जांभ्यात अशी भोके आणि भेगा असतातच. मैल्याचे पाणी त्यांतून मातीच्या गाळणीत न थांबता थेट भूजलात जाते, आणि विहीर जवळ असेल तर परिणाम सांगण्याची गरज नाही. ती बाजू आम्ही सोडून दिली. पाणी पटकन जाते याचा अर्थ जमीन चांगली आहे असा होत नाही.

याच प्रकारचा आणखी एक फसवा पुरावा म्हणजे नवा कोरडा खड्डा खणून त्यात दोन पिंपे पाणी ओतून दाखवणे. आम्हालाही ते दाखवले होते. कोरड्या खड्ड्यात स्वच्छ पाणी ओतून काहीच सिद्ध होत नाही. वापर सुरू झाल्यावर माती आणि खडीच्या सीमेवर काळसर, बुळबुळीत थर धरतो आणि वेग कायमचा कमी होतो, आणि पुढचे सूत्र ओल्या मातीच्या चाचणीवर बेतलेले असल्यामुळे त्यात याची काळजी घेतलेली आहे.

५. आकडेमोड करा

पाझराचा दर म्हणजे पाणी २५ मिलिमीटर उतरण्यास लागणारी मिनिटे. ३० ला २५ ने गुणून अर्ध्या तासाच्या उताराने भागावे. आमचे तीन दर असे आले: ४० मिलिमीटरच्या खड्ड्याचा १८.७५ मिनिटे, ३६ चा सुमारे २१ आणि ३० चा २५. यांची सरासरी घेणारेही असतात. आम्ही सर्वांत मंद दर, म्हणजे २५, धरला, कारण नंतर चर वाढवणे सुरुवातीला दोन मीटर जास्त खणण्यापेक्षा फार महाग पडते.

एका चौरस मीटरमध्ये दिवसाला किती लिटर पाणी सोडता येईल, हे २०४ ला दराच्या वर्गमुळाने भागून मिळते. २५ चे वर्गमूळ ५, म्हणून २०४ भागिले ५, म्हणजे ४०.८ लिटर. हा २०४ चा आकडा अनेकांना विचित्र वाटतो. अमेरिकेच्या सार्वजनिक आरोग्य सेवेच्या जुन्या सूत्रात तो दर चौरस फुटाला ५ गॅलन असा होता, त्याचे लिटर आणि चौरस मीटर केले की २०४ उरतात. वर्गमूळ काढायचे नसेल तर हे तयार आकडे घ्यावेत: दर ५ मिनिटे असेल तर सुमारे ९० लिटर, १० असेल तर ६५, १५ ला ५२, ३० ला ३७ आणि ६० ला २६.

आता क्षेत्रफळ. ९०० भागिले ४०.८, म्हणजे २२ चौरस मीटर.

जुन्या खड्ड्यालाही हाच हिशेब लावून पाहिला. शोषखड्ड्यात फक्त उभ्या भिंतीचे क्षेत्रफळ धरतात, आणि तेही येणाऱ्या पाइपाच्या तळाच्या १५ सेंटिमीटर खालपासून मोजतात. तीन फूट म्हणजे ०.९ मीटर व्यास आणि उपयोगी खोली फार तर १.३५ मीटर. यातून भिंतीचे क्षेत्र ३.८ चौरस मीटर येते आणि दिवसाला सुमारे १५६ लिटर पाणी जिरते. शौचालयाच्या पाण्याच्या हिशेबाने तो खड्डा साडेतीन माणसांचा होता. न्हाणीघराचे पाणीही त्यात सोडले असते तर जेमतेम एका माणसाचा.

दर ३० मिनिटांपेक्षा जास्त आला तर शोषखड्डा करू नये, चरच करावा. ६० च्या पुढे गेला तर त्या जमिनीत पाणी जिरवण्याची कोणतीच पद्धत चालत नाही. मराठवाडा-विदर्भातल्या खोल काळ्या मातीत बहुधा हाच निकाल येतो. तेथे टाकीनंतर खडीचा गाळणी-कप्पा घेऊन पुढची व्यवस्था करावी लागते, आणि ते काम अनुभवी अभियंत्याकडून आखून घ्यावे.

६. खड्डा की चर, हे ठरवा

आमचा दर २५ असल्यामुळे नियमाने शोषखड्डाही चालला असता. दीड मीटर व्यासाचा आणि १.३५ मीटर उपयोगी खोलीचा एक खड्डा ६.४ चौरस मीटर देतो, म्हणजे २२ साठी चार खड्डे लागले असते. पण खोली हिशेबात घेतली की चित्र बदलते. पाइपाची खोली धरून अशा खड्ड्याचा तळ जमिनीखाली दोन मीटरवर जातो आणि ऑगस्टमध्ये पाणी २.६ मीटरवर असते, म्हणजे मध्ये जेमतेम ६० सेंटिमीटर माती उरते. ६० सेंटिमीटर खोल चराखाली तीच दोन मीटर उरते. कोकणात म्हणूनच मला चर बरा वाटतो.

चराच्या बाबतीत तळाचे क्षेत्रफळ धरतात. रुंदी ७५ सेंटिमीटर घेतली तर २२ चौरस मीटरसाठी साडेएकोणतीस मीटर लांबी लागते. ती एका रेषेत न घेता १५ मीटरचे दोन चर केले. मानकात एका चराची लांबी ३० मीटरपेक्षा जास्त नसावी असे आहे. दोन चरांत आम्ही २ मीटर अंतर ठेवले. दोन्ही मिळून १५ मीटर लांब आणि साडेतीन मीटर रुंद पट्टा लागला, म्हणजे साधारण अर्धा गुंठा. तेवढीच आणखी जागा बाजूला रिकामी ठेवली आहे, कारण हे चर कधीतरी बुजणारच.

दोन चर केल्याचा एक फायदा आधी लक्षात आला नव्हता. एकेक चर दिवसाला सुमारे ४६० लिटर घेतो आणि आमचा रोजचा वापर २७० लिटर आहे. त्यामुळे वाटप-चेंबरमध्ये, म्हणजे टाकीचे पाणी दोन चरांत वाटणाऱ्या लहान चेंबरमध्ये, एका पाइपाला बूच लावून आम्ही एकच चर चालू ठेवतो आणि दुसऱ्याला विश्रांती देतो. विश्रांतीत तो काळा थर वाळून मोकळा होतो. सहा महिन्यांनी बूच बदलायचे आणि हरतालिकेच्या आदल्या दिवशी ते काढून दोन्ही चर उघडायचे.

७. खणताना आणि भरताना

माती चिखल झालेली असताना खणू नये. जेसीबीच्या बकेटने ओली माती लिंपल्यासारखी दाबली जाते आणि चाचणीत मिळालेला दर हातचा जातो. शक्यतो कोरड्या दिवसांत, चराबाहेर उभे राहून खणून घ्यावे, आणि भरण्यापूर्वी बाजू व तळ दाताळ्याने खरवडावा. चराच्या पट्ट्यावर खडीचा डंपर उभा राहू देऊ नये. आमच्याकडे तो उभा राहिलाच होता, आणि त्या टोकाचे तीन मीटर सोडून चर पुढे सरकवावा लागला.

उतारावर चर आडवे, समपातळीत घ्यावेत. उताराच्या दिशेने घेतलेल्या चराचे सगळे पाणी खालच्या टोकाला जमते आणि तिथून वर येते. पातळी डोळ्यांनी न ठरवता गवंड्याच्या पाण्याच्या लेव्हल पाइपने पाहावी, तळाला अगदी किंचित उतार पुरतो.

आमच्या चरातले थर खालून वर असे आहेत: धुतलेली खडी १५ सेंटिमीटर, तिच्यावर छिद्रे खाली करून ठेवलेला १०० मिलिमीटरचा पीव्हीसी पाइप, पाइप झाकून वर ५ सेंटिमीटर खडी, त्यावर गाळणी कापड आणि वर ३० सेंटिमीटर माती. कापडाऐवजी पूर्वी पेंढा घालत, तोही चालतो, पण काहीतरी हवेच, नाहीतर पहिल्याच पावसात वरची माती खडीत उतरते. खडी धुतलेलीच घ्यावी. क्रशरची भुकटी मिसळलेली खडी स्वस्त मिळते आणि तळाशी सिमेंटसारखी बसते. माती भरून झाल्यावर मधोमध थोडा फुगवटा ठेवावा, कारण ती पुढे दबते. वरच्या अंगाला पावसाचे पाणी वळवणारी छोटी पन्हळ काढावी.

दोन चरांना पाणी सारखे जावे यासाठी टाकीनंतर एक लहान वाटप-चेंबर लागते. त्यातून निघणारे दोन्ही पाइप एकाच पातळीवर आहेत याची खात्री चेंबरमध्ये बादलीभर पाणी ओतून करावी. एक पाइप बोटभर खाली असला तरी सगळे पाणी त्याच चरात जाते.

८. टाकीविषयी चार गोष्टी

टाकीचे माप हा स्वतंत्र विषय आहे, पण टाकी चुकली की चर बुजतो, म्हणून थोडक्यात लिहितो. आयएस २४७०, भाग १ मध्ये दरवर्षी उपसण्याच्या हिशेबाने १० माणसांसाठी २ मीटर लांब, ०.९ मीटर रुंद आणि पाण्याची खोली १ मीटर, तर २० माणसांसाठी २.३ मीटर लांब, १.१ मीटर रुंद आणि १.३ मीटर खोली दिली आहे. २००० लिटरपेक्षा मोठ्या टाकीला दोन कप्पे हवेत. बाहेर पडणाऱ्या पाइपाला टी जोड हवाच, तो नसेल तर वरची साय थेट चरात जाते.

टाकीचा तळ पक्का आहे की नाही, हे प्लास्टर होताना स्वतः उभे राहून पाहावे. "तळ उघडा ठेवला की टाकी कधी भरतच नाही, उपसायला नको" असे अभिमानाने सांगणारे गवंडी आजही भेटतात. ती टाकी भरत नाही, कारण मैल्याचे पाणी सरळ खाली भूजलात जात असते. टाकी पाण्याने भरून, दुसऱ्या दिवशी पातळी उतरली का ते पाहूनच पुढचे पैसे द्यावेत.

उपसा मैला-टँकरच्या पंपानेच करून घ्यावा. टाकीत माणूस उतरवू नये. आतल्या वायूने क्षणात जीव जातो, आणि सेप्टिक टँकच्या अशा धोकादायक सफाईसाठी माणसे लावण्यावर २०१३ च्या कायद्याने बंदी आहे.

९. जवळ ठेवायची कागदपत्रे

सातबारा किंवा मालमत्ता पत्रक आणि मोजणी नकाशाची प्रत आधीच काढून ठेवावी, कारण हद्द कुठे संपते हे माहीत नसताना १८ आणि ६ मीटरचा हिशेब जुळत नाही. बांधकाम परवानगीच्या नकाशात टाकी आणि शोषचराची जागा मापासह दाखवून घ्यावी. बऱ्याच नकाशांत तिथे नुसता एक गोल काढून "एस. टी." असे लिहिलेले असते. जमीन सामाईक असेल तर इतर हिस्सेदारांची लेखी संमती घ्यावी. भावकीत तोंडी होकार मिळतो आणि चर खणताना तो आठवत नाही. पाझर चाचणीची वही आणि विहिरीच्या पातळीच्या नोंदी याच फायलीत लावाव्यात. ठेकेदाराशी करार करताना चराची लांबी, रुंदी, खोली आणि खडीचा प्रकार आकड्यांत लिहावा, "शोषखड्डा १ नग" असे लिहू नये.

१०. माती टाकण्यापूर्वी आणि त्यानंतर

प्रत्येक चराच्या टोकाला, खडीच्या तळापासून जमिनीच्या वीतभर वर येईल असा, झाकण असलेला एक उभा पाइप ठेवावा. त्यात काठी घालून खडीत पाणी किती उभे आहे ते पाहता येते. एरवी दोन-चार सेंटिमीटर पाणी दिसणे ठीक आहे. खडीच्या वरच्या थरापर्यंत पाणी दिसू लागले तर चर बदलण्याची किंवा टाकी उपसण्याची वेळ झाली आहे. पहिल्या पावसाळ्यात आम्ही दर रविवारी ही काठी घालत होतो. गणपतीत, वीस माणसांच्या पाचव्या दिवशी, ती १२ सेंटिमीटर ओली झाली आणि विसर्जनानंतर आठवड्याभरात पुन्हा तीनवर आली.

चर बुजवण्याआधी घराच्या दोन कोपऱ्यांपासून प्रत्येक टोकापर्यंतची अंतरे मोजून कागदावर काढावीत आणि उघड्या चराचे फोटो घ्यावेत. दोन पावसाळ्यांनंतर वर गवत इतके एकसारखे वाढते की चर कुठे आहेत हे घरातल्यांनाही सांगता येत नाही, आणि मग मांडवाची मेढ नेमकी पाइपावर ठोकली जाते. आमच्या कागदाची एक प्रत वीजबिलांच्या फायलीत आहे आणि दुसरी, बूच कोणत्या महिन्यात कोणत्या चराला लावायचे हे मागे लिहून, आम्ही नसताना घर पाहणाऱ्या काकांकडे दिली आहे.